घड्याळ जुने, तबकडी नवी!

ठाणे/प्रतिनिधी

वडिलांना निवृत्तीच्या समारंभात मिळालेले 'एचएमटी' कपाटातून काढून डोंबिवलीकर दुरुस्तीस देतो, तेव्हा कारागीर अनेकदा सहज विचारतो, 'तबकडी नवी करून देऊ का?' होकार देण्यापूर्वी क्षणभर थांबावे. घड्याळ विकायचे असेल, तर त्याचे निम्मे मोल त्या डागाळलेल्या तबकडीतच असते.

जपानच्या 'सिटिझन'च्या सहकार्याने १९६१ मध्ये बंगळुरूत सुरू झालेला 'एचएमटी'चा घड्याळ-व्यवसाय बंद करण्यास केंद्र सरकारने जानेवारी २०१६ मध्ये मंजुरी दिली आणि 'जनता', 'पायलट'सारख्या चावीच्या घड्याळांकडे संग्राहकांचे लक्ष वळले. मागणी आली, तशी लबाडीही. जुनी तबकडी घासायची, तिला भडक रंग देऊन कंपनीचे नाव नव्याने छापायचे; काटे एका घड्याळाचे, यंत्र दुसऱ्याचे. इंटरनेटवरील लिलावांत अशा मालाला जगभरचे संग्राहक 'मुंबई स्पेशल' म्हणतात. शेजारच्या ठाणेकरांनी अभिमान बाळगावा, असे हे नाव नव्हे!

भिंगातून पाहिल्यास पुष्कळ काही उमगते. अक्षरे जाड वा फाटलेली, मिनिटांच्या रेषा तिरक्या, मागचे झाकण झिजलेले पण तबकडी मात्र कोरी करकरीत, असे दिसल्यास शंका घ्यावी. यंत्राचे छायाचित्र न देणाऱ्या विक्रेत्यापासून दूरच राहावे.

मोठ्या लिलावगृहांतही हे घडते. जिनिव्हात नोव्हेंबर २०२१ मध्ये 'फिलिप्स'च्या लिलावात 'ओमेगा स्पीडमास्टर' ३१ लाख स्विस फ्रँकहून अधिक किमतीला गेले. ते वेगवेगळ्या घड्याळांचे भाग जुळवून बनवल्याचे २०२३ मध्ये खुद्द 'ओमेगा'नेच जाहीर केले. खरेदीदारही तीच कंपनी होती!

तबकडी रंगवणे हा गुन्हा नव्हे. ते लपवणे ही फसवणूक. 'रंगवलेली आहे' असे सांगून रास्त भावात विकणारा प्रामाणिकच. वर्णनावरून विकलेली वस्तू वर्णनाबरहुकूम असावी, असे १९३० चा माल विक्री कायदा सांगतो. विक्रेता व्यापारी असेल, तर २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार आपण राहतो त्या जिल्ह्यातच तक्रार करता येते. म्हणजे कल्याणच्या ग्राहकाला ठाण्याचा जिल्हा आयोग पुरे. त्यासाठी विक्रेत्याची मूळ जाहिरात व पावती जपून ठेवावी.

घरचे घड्याळ दुरुस्तीस देताना मात्र 'फक्त सफाई व तेल, तबकडीस हात लावू नये' असे पावतीवर लिहून घ्यावे आणि बदललेले सुटे भाग परत मागावेत.