टूर सात दिवसांची, धंद्याचे काम मागच्या-पुढच्या दिवसांत

आपल्या व्यापारी बांधवांत ग्रुप टूरने परदेशी जाण्याचे प्रमाण बरेच वाढले आहे. त्यातही उझबेकिस्तानकडे ओढा जास्त दिसतो आणि त्याचे कारण उघड आहे. समरकंद, बुखारा ही नावे आपण लहानपणापासून ऐकत आलो. इमाम बुखारी यांच्या मजारची जियारत होते, जेवणाची चिंता नसते आणि २०१८ पासून भारतीयांना ई-व्हिसाही मिळू लागला आहे. सहा-सात दिवसांत ताश्कंद, समरकंद, बुखारा पाहून मंडळी परततात. बॅगेत सुकामेवा असतो, एखादी नक्षीची टोपी असते, फोटो तर शेकडो असतात. पण कापडाच्या धंद्यातल्या माणसाला विचारावे की तिकडचे कापड कसे, विणतो कोण, पन्हा किती, भाव काय, तर उत्तर येते, "बसमधून उतरायला वेळच कुठे होता?"

तक्रार खरी आहे, पण तिचा दोष टूरला देऊन चालणार नाही. टूर चाळीस माणसांसाठी आखलेली असते. त्यात कापडवाला असतो तसा किराणावालाही असतो, म्हातारी आई असते, शाळकरी मुले असतात. त्यांना विणकराच्या मागाशेजारी दोन तास कोण उभे करील? आम्ही वाचकांना टूर सोडा असे सांगणार नाही. अनोळखी मुलुखात पहिल्यांदा जाताना टूरइतकी सोय दुसरी नाही. आमचे म्हणणे एवढेच की टूरच्या आधी एक-दोन दिवस आणि नंतर तीन दिवस आपले स्वतःचे जोडावेत, आणि हा निर्णय तिकीट निघण्यापूर्वी घ्यावा.

तिकिटाचे आधी बोलू, कारण सगळे घोडे तिथेच अडते. ग्रुपचे विमान तिकीट आपण एजंटकडून काढतो तसले सुटे तिकीट नसते. कंपनी तीस-चाळीस जागा एका नोंदीवर उचलते. भाव कमी पडतो, पण त्या बदल्यात अट असते की सगळ्यांनी बरोबर जायचे आणि बरोबर यायचे. त्यातल्या एकाला परतीची तारीख बदलून हवी असेल तर त्याला या धंद्यात 'डेव्हिएशन' म्हणतात. विमान कंपन्या ही सवलत ग्रुपमधल्या मोजक्या लोकांनाच देतात, तिचे वेगळे पैसे घेतात आणि तिकिटे निघाल्यावर बहुधा देतच नाहीत. म्हणून बुकिंगची पहिली रक्कम भरतानाच ही गोष्ट काढावी आणि पावतीवर लिहून घ्यावी. आम्हाला एका टूरवाल्याने तोंडी "हो, हो, करून देऊ" असे सांगितले होते आणि निघायच्या दहा दिवस आधी "होत नाही" म्हणून फोन केला. सुताचा सौदा तोंडी चालतो, कारण तिथे पिढ्यांची ओळख असते. इथे ओळख काउंटरपुरतीच असते.

दुसरा मार्ग 'जॉइनिंग-लीव्हिंग'चा. म्हणजे कंपनीला फक्त तिकडचे हॉटेल, बस, जेवण, गाइड यांचे पैसे द्यायचे आणि विमानाचे तिकीट आपले आपण काढायचे. तारखा आपल्या हातात राहतात. फायद्याचा की तोट्याचा, हे दोन्ही भाव शेजारी मांडून पाहावे. सुटे तिकीट आगाऊ काढले तर फरक वाटतो तेवढा पडत नाही. मात्र विमानतळावर न्यायला-सोडायला कंपनीची बस येणार नाही आणि आपले विमान उशिरा पोहोचले तर ग्रुप थांबणार नाही, हे धरून चालावे. आणखी एक गोष्ट पक्की लक्षात ठेवावी. ग्रुपच्या तिकिटावरचे जाणे सोडून, आधी वेगळ्या तिकिटाने जाऊ आणि परत मात्र ग्रुपबरोबर येऊ, असा हिशेब करू नये. जाण्याचा भाग वापरला नाही की परतीचा भागही आपोआप रद्द होतो. असा माणूस ताश्कंदच्या काउंटरवर बॅग घेऊन उभा राहतो आणि नवे तिकीट रोख भावाने काढतो.

आधीचे दिवस धंद्यासाठी नव्हेत. ते पोहोचण्याची हमी म्हणून आणि बाजाराची नजर बसावी म्हणून ठेवायचे. एप्रिल २०२५ मध्ये पाकिस्तानची हवाई हद्द भारतीय विमान कंपन्यांना बंद झाली, तेव्हा एका भारतीय कंपनीला ताश्कंदची उड्डाणे रद्दच करावी लागली, कारण वळसा घालून जाण्याइतका पल्ला तिच्या विमानांना नव्हता. अशा वेळी दुसऱ्या मार्गाने यायला एक दिवस लागतो. तो दिवस हाताशी असेल तर ग्रुप गाठता येतो, नसेल तर त्याच्या मागे समरकंदपर्यंत धावावे लागते.

ताश्कंदचे घड्याळ आपल्यापेक्षा फक्त अर्धा तास मागे आहे, त्यामुळे झोपेची ओढाताण होत नाही. पहिल्या दिवशी सिमकार्ड घ्यावे, बँकेत डॉलर मोडावेत आणि चोरसू बाजारात काही न घेता फिरावे. २०१७ मध्ये सरकारने चलनाचे निर्बंध उठवल्यापासून बँकेचा भाव हाच खरा भाव आहे. रस्त्यावर कोणी जास्त देतो म्हणाला तर तिकडे वळू नये. नोटा कोऱ्या न्याव्यात, घडी पडलेली किंवा शाई लागलेली नोट परत करतात. एका डॉलरला बारा हजारांच्या वर सोम मिळतात (२०२४ चा हा भाव), त्यामुळे शून्ये मोजण्याची सवय व्हायला एक दिवस लागतोच. ती सवय टूर सुरू होण्यापूर्वी झालेली बरी. शहरात लालबहादूर शास्त्रींचा पुतळा आहे. ११ जानेवारी १९६६ रोजी त्यांचे निधन याच शहरात झाले. वेळ असेल तर तिथेही जाऊन यावे.

मग टूर सुरू होते आणि ती टूरसारखीच करावी. बुखाऱ्यात जुने छताचे चौक-बाजार आहेत, त्यांची नावे वाचून उर्दू शिकलेल्या माणसाला घरी आल्यासारखे वाटते. तोकी जरगरॉन म्हणजे सोनारांचा, तोकी सर्राफॉन म्हणजे सराफांचा, आणि तोकी तेलपाक-फुरुशॉन म्हणजे टोप्या विकणाऱ्यांचा. या दोन शहरांत ताजिक, म्हणजे फारसीच, बोलणारे पुष्कळ आहेत. यक, दू, से म्हटले की दुकानदार हसतो आणि भाव थोडा उतरतो. इथे खरेदी मात्र करू नये. नुसते भाव वहीत लिहावेत. पर्यटकांच्या दुकानात जे 'इकत' म्हणून टांगलेले असते त्यात छापील माल बराच असतो. ओळखायची खूण सोपी आहे. कापड उलटे करावे. ताणा रंगवून विणलेल्या कापडात नक्षी मागच्या बाजूलाही दिसते आणि तिच्या कडा ताण्याच्या दिशेने पसरलेल्या असतात. छापील कापडाची पाठ फिकट पडते.

आता नंतरचे तीन दिवस. टूर ताश्कंदला संपते आणि मंडळी विमानतळाकडे जातात. आपण पूर्वेला फरगाना खोऱ्यात मर्गिलानला जायचे. हे गाव टूरच्या नकाशात सहसा नसते, कारण ते बुखाऱ्याच्या बरोबर उलट दिशेला आहे. रेल्वेने पाच तासांच्या आसपास लागतात. २०१६ मध्ये कामचिक घाटाखाली १९ किलोमीटर लांबीचा बोगदा झाला, त्यापूर्वी ही गाडी ताजिकिस्तानच्या हद्दीतून जात असे. तिकीट महिनाभर आधी काढून ठेवावे. एप्रिल-मे आणि सप्टेंबर-ऑक्टोबर या हंगामात जागा भरतात.

मर्गिलानचे कापड म्हणजे अतलस आणि अद्रस. अतलस पूर्ण रेशमी असते, अद्रसमध्ये ताणा रेशमाचा आणि बाणा सुताचा. आपल्या वाचकांना ही रचना नवी नाही, आपल्या मशरूची बांधणी हीच आहे. ताणा बांधून रंगवण्याच्या कामाला तिकडे 'अब्रबंदी' म्हणतात. अब्र म्हणजे ढग, हे आम्हाला शाळेतच शिकवले होते, पण रंगाच्या विरघळत्या कडा ताण्यावर पाहिल्या तेव्हा हा शब्द का पडला ते कळले. एक कारागीर ताण्यावर कोळशाने नक्षीच्या खुणा करतो, दुसरा तेवढे भाग बांधतो, मग रंगात बुडवणे, सोडणे, पुन्हा बांधणे. जितके रंग तितक्या वेळा हे काम. विणून झालेल्या अद्रसला अंड्याचा पांढरा बलक लावून लाकडी मोगरीने कुटतात, तेव्हा ती चकाकी येते. २०१७ मध्ये युनेस्कोने मर्गिलानच्या हस्तकला केंद्राच्या जतनकार्याची नोंद आपल्या यादीत केली. योदगोरलिक नावाचा रेशीम कारखाना आहे, तिथे कोशापासून ताग्यापर्यंत सगळे काम दाखवतात.

आमच्या धंद्याच्या दृष्टीने पाहण्याची गोष्ट मात्र पन्हा आहे. जुन्या पद्धतीच्या हातमागावरचा माल जेमतेम सोळा-अठरा इंच रुंद निघतो. आपल्याकडे चव्वेचाळीस इंचांवर हिशेब करणाऱ्याने मीटरचा भाव ऐकून खूश होऊ नये. रुंदी धरून भाव दुपटीच्या वर जातो. म्हणून हा माल थानाने आणण्याचा नाही. तो जाकिटाला, उशीच्या अभ्र्याला, किनारीला लागेल तेवढा घ्यावा. आणि यंत्रमागावर नक्षी उतरवायची असेल, तर मोबाइलवरच्या चित्रावरून उतरवलेली आणि कापड हातात घेऊन उतरवलेली यात किती फरक पडतो, हे मालेगाव-भिवंडीच्या आमच्या डिझाइनवाल्यांना सांगायला नको.

गावाबाहेर कुमतेपा बाजार गुरुवारी आणि रविवारी भरतो. तिथे पर्यटक कमी आणि घरच्या लग्नासाठी कापड घेणाऱ्या बाया जास्त, म्हणून खरा भाव तिथेच कळतो. मर्गिलानला ताजिकपेक्षा उझबेक चालते, तरी बोझोर, दुकोन, नार्ख, सव्दो हे शब्द आपले बाजार, दुकान, निर्ख, सौदाच आहेत. बाकीचे काम कॅल्क्युलेटर करतो. टूरची तारीख निवडताना ती शुक्रवारी किंवा शनिवारी संपणारी निवडावी, म्हणजे रविवारचा बाजार मिळतो आणि सोमवारी कारखाने उघडे असतात. २१ मार्चचा नवरूझ, १ सप्टेंबरचा स्वातंत्र्यदिन आणि दोन्ही ईदच्या दिवशी सुटी असते, ते दिवस टाळावेत.

एकट्याने राहताना कागदपत्रांची जबाबदारी आपल्यावर येते. परदेशी पाहुण्याची तीन दिवसांच्या आत नोंदणी व्हावी लागते. हॉटेलवाले ती 'ए-मेहमान' नावाच्या सरकारी व्यवस्थेत करतात. पण एखाद्या कारागिराने आग्रह करून घरी ठेवून घेतले तर त्याच्याकडूनही नोंदणी करवून घ्यावी, संकोच करू नये. प्रत्येक हॉटेलची चिठ्ठी जपून ठेवावी. व्हिसा काढताना सगळे दिवस मोजून तारखा टाकाव्यात. ग्रुपचा विमा टूरच्या तारखांपुरताच असतो, तो वाढवून घ्यावा. थोड्या पैशांचे काम आहे. झोपेच्या आणि तीव्र वेदनाशामक गोळ्यांबाबत तिथले कस्टम कडक आहे, डॉक्टरची चिठ्ठी बरोबर असू द्यावी.

खर्च वाचवायचा असेल तर ग्रुपमधलेच दोन-तीन व्यापारी सोबती निघण्यापूर्वी शोधावेत. खोली, टॅक्सी आणि दुभाषा वाटून घेतला तर तीन दिवसांचा बोजा जाणवत नाही. घरची मंडळी बरोबर असतील तर फारच उत्तम. कुमतेप्यात आमच्या बेगमने जे भाव काढले ते आम्हाला निघाले नसते.

परत येताना नमुने अर्ध्या मीटरचे तुकडे करून आणावेत, त्यावर भाव, रुंदी आणि विणकराचा नंबर लिहिलेली चिठ्ठी टाचावी आणि पावत्या हातातल्या पिशवीत ठेवाव्यात. विकण्यासाठी आणलेला माल प्रवाशाच्या बॅगेजच्या सवलतीत बसत नाही. तो आयईसी कोड असलेल्या फर्मच्या नावाने, कार्गोनेच मागवावा लागतो. तेव्हा मर्गिलानच्या विणकराला आपल्या फर्मचे कार्ड आणि पूर्ण पत्ता द्यायला विसरू नये.