पार्कवे परेड : भरावावर वसलेला बाजार

पार्कवे परेड हा सिंगापूरच्या पूर्व किनाऱ्यालगत, मरीन परेड या वस्तीतला मॉल. सात मजले, खाली तळघर आणि शेजारी सतरा मजली कार्यालयांचा मनोरा असे त्याचे रूप आहे. भाड्याने देण्याजोगी जागा सुमारे साडेपाच लाख चौरस फूट भरते. 1984 साली तो सुरू झाला, तेव्हा सिंगापूरमध्ये मोठी खरेदी म्हणजे ऑर्चर्ड रोड असा साधा हिशेब होता. शहराच्या मध्यभागापासून दूर, राहत्या वस्तीत उभ्या राहिलेल्या पहिल्या मोठ्या मॉलपैकी हा एक. त्याच्या दाराशी रेल्वे यायला मात्र चाळीस वर्षे लागली. सिंगापूरमधला आजचा बहुतेक प्रत्येक उपनगरी मॉल मेट्रो स्थानकाच्या डोक्यावर किंवा कुशीत बांधलेला आहे. पार्कवे परेड स्थानकाविना चार दशके भरलेला राहिला, आणि त्याचे कारण त्याच्या आजूबाजूच्या वस्तीत शोधावे लागते.

ज्या जमिनीवर तो उभा आहे ती 1960 नंतरच्या दशकाच्या मध्यापर्यंत अस्तित्वातच नव्हती. तिच्या उत्तरेचा जुना काटोंग हा समुद्रकाठचा हवेशीर भाग होता. श्रीमंत चिनी व्यापारी, मलय संस्कृतीशी मिसळलेली जुनी चिनी म्हणजे पेरानाकन घराणी आणि युरेशियन कुटुंबे यांचे बंगले इथे होते आणि काही घरांच्या पायऱ्या थेट पाण्यात उतरत. 1905 साली स्थापन झालेला चायनीज स्विमिंग क्लब अंबर रोडवर होता तो समुद्रात पोहण्याच्या सोयीसाठी. आज त्या क्लबपासून पाणी दिसत नाही.

1966 साली गृहनिर्माण मंडळाने, म्हणजे एचडीबीने, पूर्व किनाऱ्यावर भराव घालायला सुरुवात केली. सिग्लाप आणि बेडोक भागातल्या टेकड्या यंत्रांनी पोखरायच्या, माती लांबलचक पट्ट्यांवरून किनाऱ्याकडे न्यायची आणि समुद्रात लोटायची, असे ते काम होते. सात टप्प्यांत, 1980 नंतरच्या दशकाच्या मध्यापर्यंत ते चालले आणि सुमारे 1,525 हेक्टर जमीन हाती आली. टेकड्या गेल्या तिथे बेडोकची नवी वस्ती झाली. वाळू उपसलेल्या खाणीत पुढे बेडोकचा जलाशय केला गेला. मुंबईकरांना बॅकबेचा भराव आठवेल, पण तिथे भरावावर प्रामुख्याने कार्यालये आली आणि त्यावरून वर्षानुवर्षे वाद झाले. सिंगापूरमध्ये जमीन सरकारची, बांधणारा सरकारी आणि राहणाराही सरकारी घरातला, त्यामुळे काम झपाट्याने झाले. बंगलेवाल्यांच्या गच्चीतून समुद्र गेला, याची चर्चा मात्र काटोंगच्या जुन्या कुटुंबांत अजून संपलेली नाही. पुढची पिढी तरी या विषयातून सुटेल असेही नाही: याच किनाऱ्यासमोर ‘लाँग आयलंड’ नावाने आणखी सुमारे 800 हेक्टर भराव घालण्याची योजना सरकारने 2023 साली मांडली आहे.

या नव्या जमिनीवर 1970 नंतरच्या दशकात मरीन परेडची वसाहत उभी राहिली. संपूर्णपणे भरावावर वसलेली एचडीबीची ही पहिली वसाहत. उंच इमारती, मध्ये बाजारपेठ, खाद्यविक्रेत्यांच्या गाळ्यांचे हॉकर सेंटर, शाळा आणि वाचनालय. वसाहतीच्या दक्षिणेला ईस्ट कोस्ट पार्कवे हा द्रुतगती रस्ता आला, तो 1981 साली सुरू झालेल्या चांगी विमानतळाला शहराशी जोडतो. रस्त्यापलीकडे ईस्ट कोस्ट पार्क ही लांबच लांब किनारी बाग. अशा रीतीने एकमेकांना लागून तीन निरनिराळ्या वस्त्या तयार झाल्या: उत्तरेला जुन्या काटोंगचे बंगले आणि दुकानघरे, मध्ये एचडीबीचे मनोरे, आणि त्यांच्या आसपास खासगी सदनिकांची संकुले. उत्पन्नाने त्या वेगळ्या होत्या, पण भाजी घ्यायला जवळपास एकाच दिशेने निघत.

मॉलच्या जमिनीचा 99 वर्षांचा भाडेपट्टा 1979 साली सुरू झाला. सिंगापूरमध्ये खासगी विकासकाला मिळणारी सरकारी जमीन बहुधा याच मुदतीची असते. बांधकाम पार्कवे होल्डिंग्ज या स्थावर मालमत्तेच्या कंपनीचे. या कंपनीचे पुढचे चरित्र भारतीय वाचकाला मॉलपेक्षा अधिक ओळखीचे वाटेल. 1987 साली तिने ग्लेनईगल्स रुग्णालय घेतले, मग माउंट एलिझाबेथ घेतले, आणि हळूहळू ती विटा-सिमेंट सोडून रुग्णसेवेचीच कंपनी झाली. 2010 साली तिचा ताबा मिळवण्यासाठी भारताची फोर्टिस आणि मलेशियाची सरकारी गुंतवणूक कंपनी खजाना यांच्यात चुरस झाली. फोर्टिसने माघार घेतली. आठ वर्षांनी खजानाच्या पाठबळाच्या आयएचएच कंपनीने फोर्टिसचाच ताबा मिळवला. मॉल तोवर कधीच दुसऱ्या हातात गेला होता. आज त्याचा कारभार मूळच्या ऑस्ट्रेलियन लेंडलीज समूहाकडे आहे.

उपनगरी मॉल ही कल्पना अमेरिकेची. व्हिएन्नात वाढलेले वास्तुविशारद व्हिक्टर ग्रुएन यांनी 1956 साली मिनियापोलिसजवळ एडिना इथे साउथडेल सेंटर उभारले. पूर्ण बंदिस्त, हवामान काबूत ठेवलेला, दोन्ही टोकांना मोठी डिपार्टमेंट स्टोअर्स आणि भोवती मोटारींचा अफाट तळ असलेला तो पहिला मॉल. ग्राहक एका मोठ्या दुकानाकडून दुसऱ्याकडे चालत जातो आणि वाटेतली छोटी दुकाने त्याच्या नजरेखालून जातात, हे त्यामागचे साधे गणित. म्हणूनच मोठ्या दुकानाला भाडे अगदी कमी लावतात आणि छोट्यांकडून ते वसूल करतात. सिंगापूरने हे गणित उचलले, पण आडव्याचे उभे केले. जमीन इथे एवढी महाग की मोटारींचा तळ तळघरात किंवा वरच्या मजल्यांवर गेला, आणि ग्राहकाला एका टोकाहून दुसऱ्या टोकाला नेण्याऐवजी सरकत्या जिन्यांनी खालून वर नेणे भाग पडले. तळघरात किराणा आणि खाणे, तळमजल्यावर ठळक दुकाने, वर जावे तसे डॉक्टर, दंतवैद्य, मुलांच्या शिकवण्या. सिंगापूरच्या मॉलमध्ये शिकवण्यांचे वर्ग ही भरवशाची गोष्ट असते; मूल दीड तास वर्गात बसते, तेवढा वेळ आई-बाप खाली कॉफी पितात किंवा खरेदी करतात.

पार्कवे परेडच्या सुरुवातीच्या काळात ग्राहक खेचण्याचा हा भार दोन जपानी दुकानांनी उचलला: याओहान आणि इसेतान. त्या काळच्या सिंगापूरमध्ये जपानी डिपार्टमेंट स्टोअरला मोठा मान होता. नीटनेटकी मांडणी, लवून नमस्कार करणारे विक्रेते, आवारातच भाजलेला पाव, कपड्यांच्या शेजारी घरगुती वस्तू. इसेतान 1972 साली सिंगापूरला आले होते. याओहानने 1974 साली ऑर्चर्ड रोडवरच्या प्लाझा सिंगापुरा इथे पहिले दुकान उघडले आणि मग वस्त्यांकडे मोर्चा वळवला. या कंपनीचे मूळ अतामी या जपानी गावातल्या भाजीच्या दुकानात होते, आणि ते वाढवणाऱ्या कात्सु वादा या बाईंचे आयुष्य ‘ओशिन’ या गाजलेल्या जपानी मालिकेमागची प्रेरणा मानले जाते. त्यांचे चिरंजीव काझुओ वादा यांनी दुकाने आशियाभर पसरवली, कर्ज वाढत गेले, आणि सप्टेंबर 1997 मध्ये मूळ जपानी कंपनीने दिवाळखोरी जाहीर केली. सिंगापुरातली दुकानेही टिकली नाहीत.

एवढे मोठे दुकान बंद पडणे हा कोणत्याही मॉलला जीवघेणा धक्का असतो. मजलेच्या मजले रिकामे होतात, वर्दळ आटते, छोटे भाडेकरू सवलत मागतात. पार्कवे परेड त्यातून सावरला याचे श्रेय मालकीच्या रचनेला द्यावे लागते. इथून चालत जाण्याच्या अंतरावर काटोंग शॉपिंग सेंटर आहे. ते 1973 सालचे, म्हणजे पार्कवे परेडपेक्षा अकरा वर्षांनी जुने, आणि सिंगापूरच्या पहिल्या वातानुकूलित मॉलमध्ये त्याची गणना होते. पण त्याचे गाळे एकेक करून विकले गेले. शेकडो मालक, प्रत्येकाचा भाडेकरू वेगळा, कोणत्या मजल्यावर काय असावे हे ठरवणारा कोणी नाही. कालांतराने तिथे घरकामगार पुरवणाऱ्या संस्था आणि छपाईची दुकाने यांचा भरणा झाला. इमारत एकगठ्ठा विकून टाकण्याचे प्रयत्नही झाले. त्यासाठी कायद्याने साधारण 80 टक्के मालकी हिश्श्याची संमती लागते आणि नंतर खरेदीदारही मिळावा लागतो. पार्कवे परेडमध्ये दुकानांचा मोठा हिस्सा एका हाती राहिला. त्यामुळे मोठे दुकान गेले की मालकाला ती जागा तोडता, वाटता, नव्याने मांडता आली. पुढे जायंट हे सुपरमार्केट आले, इलेक्ट्रॉनिक्सची दुकाने आली, काही वर्षे बॉर्डर्स हे पुस्तकांचे दालन होते. 2011 साली बॉर्डर्सही बंद झाले, मॉल चालू राहिला. भाडे आकारण्याची पद्धतही या लवचिकतेला पूरक असते: सिंगापूरच्या मॉलमध्ये ठरलेल्या भाड्यासोबत विक्रीतला काही टक्के वाटा घेण्याची रीत रूढ आहे, म्हणून दुकान चालावे यात मालकाचाही स्वार्थ गुंतलेला असतो.

मरीन परेडला रेल्वे न मिळण्यामागे द्वेष नव्हता, नकाशा होता. सिंगापूरची मेट्रो नोव्हेंबर 1987 मध्ये सुरू झाली. पूर्वेकडे जाणारा मार्ग 1989 साली पाया लेबार, युनोस, केम्बांगन, बेडोक असा आतल्या बाजूने गेला. किनाऱ्यालगत गेला असता तर त्याच्या एका अंगाला फक्त समुद्र, म्हणजे निम्मेच प्रवासी मिळाले असते. मग 1991 सालच्या नगररचना आराखड्याने शहराबाहेर प्रादेशिक केंद्रे उभारण्याचे धोरण आखले. 1992 साली यिशुनमध्ये नॉर्थपॉइंट, 1993 साली बिशानमध्ये जंक्शन 8, 1995 साली टॅम्पिनिस मॉल, 1998 साली वुडलँड्समध्ये कॉझवे पॉइंट असे मॉल स्थानकांना चिकटून उभे राहत गेले. त्यांचे उत्पन्न एवढे खात्रीचे ठरले की 2002 साली सिंगापूरच्या शेअर बाजारात आलेल्या पहिल्या मालमत्ता निधीत टॅम्पिनिस मॉल आणि जंक्शन 8 यांचा समावेश होता. गाडीतून उतरलेला माणूस घरी जाण्याआधी मॉलमधूनच जातो, ही त्या उत्पन्नाची गुरुकिल्ली.

पार्कवे परेडला असा आयता ग्राहक नव्हता. इथे येणारा बसने, मोटारीने किंवा चालत, मुद्दाम येत असे. काटोंगच्या बंगल्यातली बाई, समोरच्या एचडीबीतले निवृत्त शिक्षक आणि खासगी संकुलातले परदेशी कुटुंब ही तिन्ही गिऱ्हाइके त्याला सांभाळायची होती. म्हणून तो पूर्ण श्रीमंती थाटाचा कधी झाला नाही. वर महागडे कपडे आणि सौंदर्यप्रसाधने, खाली फूड कोर्ट आणि किराणा, असा त्याचा मेळ राहिला. त्याच्या पाठीला असलेल्या हॉकर सेंटरशी आणि काटोंगच्या लाक्सा हे नूडल्सचे सूप विकणाऱ्या दुकानांशी त्याने स्पर्धा केली नाही; केली असती तर हरला असता.

मुंबईची तुलना इथे उपयोगी पडते. 1984 साली मुंबईच्या मध्यमवर्गाची मोठी दुकाने म्हणजे अकबरअलीज, सहकारी भांडार आणि अपना बाजार. शहराचा पहिला मॉल म्हणून ओळखले जाणारे क्रॉसरोड्स 1999 साली हाजी अलीजवळ उघडले, आणि बघ्यांची गर्दी आवरेना तेव्हा मोबाइल फोन किंवा क्रेडिट कार्ड दाखवा, नाहीतर प्रवेश फी भरा, असा नियम काही काळ लावण्यात आला. पार्कवे परेडला असा दरवाजा लावणे परवडलेच नसते. चपला घालून दूध आणायला आलेला शेजारीच त्याचा मुख्य आधार होता.

शेवटच्या टप्प्यातले बदल भराभर झाले. मरीन परेड रोडखाली मेट्रो स्थानकाचे काम सुरू झाल्यावर मॉलसमोरचा रस्ता काही वर्षे वळवलेला, पत्रे ठोकलेला राहिला. त्यातच 2020 साली करोनाची टाळेबंदी आली. मध्यंतरी ऑर्चर्ड रोडसकट सगळीकडेच डिपार्टमेंट स्टोअर्स मागे हटत होती. 2020 साली रॉबिन्सन्ससारख्या जुन्या पेढीने गाशा गुंडाळला, आणि 2022 साली इसेताननेही पार्कवे परेडमधले दुकान बंद केले. सुरुवातीच्या दोन जपानी खांबांपैकी दुसराही गेला. त्यांची जागा घेणारे तिसरे डिपार्टमेंट स्टोअर शोधण्याचा काळ संपला होता. आता ओढ खाण्यापिण्याची, व्यायामाची, शिकवण्यांची आणि किराण्याची आहे.

23 जून 2024 रोजी थॉमसन-ईस्ट कोस्ट मार्गाचा चौथा टप्पा सुरू झाला आणि मरीन परेड स्थानक उघडले. या मार्गाने ऑर्चर्डला आणि मरीना बेला गाडी न बदलता जाता येते. मॉलला त्यामुळे बेटाच्या दुसऱ्या टोकाहून येणारा, काटोंगची रंगीत दुकानघरे पाहायला निघालेला नवा ग्राहक मिळाला. पण पूर्वी बसच्या कंटाळ्याने इथेच खरेदी उरकणारा मरीन परेडचा रहिवासीही आता त्याच गाडीत बसून थेट ऑर्चर्डला पोचतो. जमिनीचा भाडेपट्टा 2078 पर्यंत आहे, म्हणजे हिशेब मांडायला मालकांकडे अर्धशतक शिल्लक आहे.