अर्थसंकल्प चौकटींत मांडताना : ‘ट्रीमॅप’ कसा वाचावा?

नवी दिल्ली : केंद्रीय अर्थसंकल्प सादर झाला की लहानमोठ्या रंगीत चौकटींनी भरलेला एक आयत वृत्तपत्रांत आणि संकेतस्थळांवर दिसू लागतो. या आलेखाला ‘ट्रीमॅप’ म्हणतात. एकाच्या पोटात दुसरा घटक, अशी उतरंड असलेली माहिती एका दृष्टिक्षेपात दाखविणे, हे त्याचे काम.

अमेरिकेतील मेरीलँड विद्यापीठाचे संगणकशास्त्रज्ञ बेन श्नायडरमन यांनी १९९० मध्ये ही पद्धत विकसित केली. चौदा जण मिळून वापरत असलेली ८० मेगाबाइटची हार्ड डिस्क भरली होती आणि जागा कशाने व्यापली आहे, हे त्यांना शोधायचे होते. फांद्याफांद्यांची आकृती पडद्यावर मावत नसल्याने त्यांनी संपूर्ण डिस्क हा एक आयत मानला आणि त्याचेच भाग पाडले.

यामागील नियम सोपा आहे : जितका आकडा मोठा, तितके चौकटीचे क्षेत्रफळ अधिक. २०२४-२५ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात एकूण खर्चाचा अंदाज सुमारे ४८.२१ लाख कोटी रुपये होता. तो पूर्ण आयत मानल्यास व्याजापोटीच्या ११.६३ लाख कोटींची चौकट जवळपास चतुर्थांश जागा व्यापते. संरक्षण मंत्रालयाच्या ६.२२ लाख कोटींना सुमारे १३ टक्के जागा मिळते. त्या चौकटीतच १.७२ लाख कोटींचा भांडवली खर्च आणि १.४१ लाख कोटींचे निवृत्तिवेतन अशा उपचौकटी दिसतात. आरोग्य मंत्रालयाची सुमारे ९१ हजार कोटींची चौकट मात्र दोन टक्क्यांहूनही लहान ठरते.

तथापि, हा आलेख सावधपणे वाचावा लागतो. लांबीची तुलना डोळा जितकी अचूक करतो, तितकी क्षेत्रफळाची करू शकत नाही. त्यामुळे जवळपास सारख्या तरतुदींसाठी स्तंभालेखच योग्य. उणे आकड्याला क्षेत्रफळ नसल्याने घट किंवा तोटा रंगाने दाखवावा लागतो. वर्षानुवर्षांचा बदल दाखविण्यासाठी रेषालेख अधिक उपयुक्त ठरतो.

सर्वांत महत्त्वाचे म्हणजे पूर्ण आयत कशाचा आहे, हे आधी पाहावे. सार्वजनिक आरोग्य हा राज्यसूचीतील विषय असून राज्यांचा स्वतःचा खर्च केंद्राच्या आयतात येत नाही. म्हणून तेथील लहान चौकटीवरून देश आरोग्यावर इतकाच खर्च करतो, असा निष्कर्ष काढणे चुकीचे ठरेल.