डब्ल्यूपीएक्यू नभोवाणी केंद्र

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांतील नॉर्थ कॅरोलायना राज्यात, सरी कौंटीतील माउंट एअरी या लहान शहरी २ फेब्रुवारी १९४८ रोजी सुरू झालेले खाजगी नभोवाणी केंद्र. संस्थापक राल्फ एपर्सन (१९२१–२००६). एकाच कुटुंबाच्या मालकीत राहून सहा दशकांहून अधिक काळ भोवतालच्या डोंगराळ मुलखातील संगीताचे ध्वनिक्षेपण करणारे केंद्र म्हणून कंट्री संगीताच्या अभ्यासकांना ते परिचित आहे. त्याची प्रक्षेपण कंप्रता ७४० किलोहर्ट्‌झ आहे. मिसिसिपी नदीच्या पूर्वेकडील बहुतेक केंद्रांप्रमाणे त्याचे संकेतनाम ‘डब्ल्यू’ या अक्षराने सुरू होते. नदीच्या पश्चिमेस ‘के’ हे अक्षर योजतात.

माउंट एअरी हे ब्लू रिज पर्वतश्रेणीच्या पायथ्याशी, व्हर्जिनिया राज्याच्या सीमेलगत वसले असून त्याची लोकसंख्या सु. दहा हजार आहे. ग्रॅनाइटाची प्रचंड उघडी खाण, मोजे विणण्याच्या गिरण्या आणि आसपासची तंबाखूची शेती यांवर विसाव्या शतकात शहराचा चरितार्थ चाले. अभिनेता अँडी ग्रिफिथ याचे हे जन्मगाव म्हणून अमेरिकन जनतेला ते विशेष ठाऊक आहे. संगीताच्या दृष्टीने मात्र शहराजवळील राउंड पीक या वस्तीचे महत्त्व अधिक. इंग्लंड, स्कॉटलंड व उत्तर आयर्लंड येथून आलेल्या वसाहतकऱ्यांनी पोवाडेवजा कथागीते आणि फिडलवर (व्हायोलिनवर) वाजविण्याच्या नृत्यधुना या डोंगरांत आणल्या. आफ्रिकेतून गुलाम म्हणून आणलेल्या लोकांकडून बँजो हे वाद्य आले. दोहोंच्या मिलाफातून येथील संगीत घडले. सेसिल शार्प या इंग्रज संग्राहकाने १९१६–१८ या काळात ॲपालॅचियन पर्वतप्रदेशात हिंडून गीते टिपून घेतली, तेव्हा इंग्लंडमध्ये विस्मृतीत गेलेली अनेक कथागीते त्याला तेथे लोकांच्या तोंडी आढळली. गीतांच्या मोहात शार्पने वाद्यसंगीताकडे काहीसे दुर्लक्षच केले. राउंड पीकची ख्याती आहे ती फिडल व पडदे नसलेला बँजो यांच्या घट्ट विणलेल्या जोडवादनाबद्दल.

पूर्वपीठिका : अमेरिकेत नियमित ध्वनिक्षेपणाचा प्रारंभ पिट्सबर्ग येथील केडीकेए केंद्राने १९२० मध्ये केला, असे सामान्यतः मानतात. दोनच वर्षांत अटलांटाच्या डब्ल्यूएसबी केंद्रावरून फिडलवादक जॉन कार्सन याचे वादन प्रक्षेपित झाले आणि ग्रामीण श्रोत्यांनी ते उचलून धरले. १९२३ मध्ये कार्सनची ध्वनिमुद्रिका निघाली, तिचाही खप चांगला झाला. शिकागोच्या डब्ल्यूएलएस केंद्रावर १९२४ साली ‘नॅशनल बार्न डान्स’ हा, तर नॅशव्हिलच्या डब्ल्यूएसएम केंद्रावर १९२५ साली पुढे ‘ग्रँड ओल ऑप्री’ या नावाने गाजलेला कार्यक्रम सुरू झाला. पहिले केंद्र डाकेने माल विकणाऱ्या एका बड्या व्यापारी पेढीचे होते व दुसरे विमा कंपनीचे. ग्रामीण गिऱ्हाईक जोडण्याचे साधन म्हणूनच या संगीताला तेथे जागा मिळाली. ध्वनिमुद्रिकांच्या व्यापाऱ्यांनी त्याला ‘हिलबिली’ म्हणजे डोंगरी, गावंढळ असे हेटाळणीचे नाव दिले होते. १९४९ मध्ये ‘बिलबोर्ड’ या व्यापारी नियतकालिकाने आपल्या लोकप्रियतेच्या यादीसाठी ‘कंट्री अँड वेस्टर्न’ ही संज्ञा स्वीकारली. नभोवाणीचे तत्कालीन आकर्षण किती होते, हे सरी कौंटीच्या परिसरातील एका वादकसंचाच्या नावावरूनही दिसते : या संचाने १९२७ मध्ये ध्वनिमुद्रण केले, ते ‘सदर्न ब्रॉडकास्टर्स’ (दक्षिणी ध्वनिक्षेपक) या नावाने. त्यातील फिडलवादक बेन जॅरल हा राउंड पीकचा.

या संगीताला आणखी एका अनपेक्षित घटनेचा लाभ झाला. संगीतरचनांच्या स्वामित्वशुल्कावरून रचनाकारांची मोठी संघटना आणि नभोवाणी कंपन्या यांच्यात वितुष्ट आले व १९४१ मध्ये सु. दहा महिने संघटनेच्या सभासदांची गाणी प्रमुख केंद्रांवरून लुप्त झाली. शहरी लोकप्रिय संगीत बहुतांशी याच संघटनेच्या ताब्यात होते. केंद्रांनी स्थापन केलेल्या प्रतिस्पर्धी संस्थेकडे डोंगराळ व कृष्णवर्णीय संगीताच्या रचनाकारांना प्रथमच सन्मानाने स्थान मिळाले.

स्थापना : दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस अमेरिकेत सु. नऊशे नभोवाणी केंद्रे होती; १९५० पर्यंत त्यांची संख्या दोन हजारांवर गेली. युद्धकाळात थांबलेले परवाने पुन्हा मिळू लागले होते, उपकरणे उपलब्ध झाली होती आणि सैन्यात वा युद्धोद्योगांत रेडिओतंत्र शिकलेले तरुण गावी परतत होते. तोवर केंद्र नसलेल्या शेकडो लहान गावांना या लाटेत स्वतःचा आवाज मिळाला. एपर्सन हा या पिढीचा प्रतिनिधी. माउंट एअरीपासून जवळच्याच, सीमेपलीकडील व्हर्जिनियाच्या ग्रामीण भागात तो वाढला. यंत्रांचे वेड व घरच्या संगीताची आवड या दोन्ही गोष्टी त्याच्या ठायी एकत्र आल्या होत्या. स्थानिक गायक-वादकांना वाव देणे हे केंद्राचे धोरण त्याने प्रारंभीच ठरविले आणि व्यापारी दृष्ट्या ते गैरसोयीचे ठरू लागल्यावरही बदलले नाही.

दिवसाचे केंद्र : मध्यम तरंगांवरील प्रक्षेपणाचे दिवसाचे व रात्रीचे वर्तन भिन्न असते. दिवसा आयनांबराच्या खालच्या थरात हे तरंग शोषले जातात, त्यामुळे फक्त जमिनीलगत जाणाऱ्या तरंगांचाच उपयोग होतो व केंद्राचा पल्ला मर्यादित राहतो. सूर्यास्तानंतर हा थर विरतो. वरच्या थरांवरून परावर्तित झालेले तरंग शेकडो किलोमीटर दूर पोहोचतात आणि त्याच कंप्रतेवरील अन्य केंद्रांत व्यत्यय आणतात. १९४१ साली अंमलात आलेल्या उत्तर अमेरिकेतील देशांच्या करारानुसार ७४० किलोहर्ट्‌झ या कंप्रतेवर अग्रहक्क कॅनडाला, म्हणजे टोराँटोच्या केंद्राला मिळाला होता. परिणामी माउंट एअरीच्या केंद्राला दीर्घकाळ सूर्योदय ते सूर्यास्त एवढ्याच वेळेचा परवाना होता. जूनमध्ये चौदा तासांहून अधिक, तर डिसेंबरात जेमतेम दहा तास अशी त्याची दिनचर्या ऋतूंप्रमाणे आक्रसे आणि विस्तारे. हिवाळ्यात गिरणीतील पाळी सुटून कामगार घरी पोहोचेतो केंद्र बंद झालेले असे; जाहिरातदारांना सर्वाधिक हवी असलेली सायंकाळची वेळ त्याच्याकडे नव्हतीच. याची भरपाई काही अंशी कंप्रतेनेच केली. कंप्रता जितकी कमी तितके जमिनीलगतचे तरंग दूरवर जातात; ७४० ही कंप्रता मध्यम तरंगपट्ट्याच्या खालच्या निम्म्या भागात येते. पुढे दिवसाची शक्ती १०,००० वॉटपर्यंत वाढल्यावर सीमेपलीकडील अनेक कौंट्यांत केंद्र सहज ऐकू येऊ लागले. नंतरच्या काळात रात्रीही प्रक्षेपणाची मुभा मिळाली, पण ती अगदी क्षीण शक्तीने.

कार्यक्रम व अर्थव्यवहार : अशा केंद्राचा दिवस पहाटे शेतकऱ्यांसाठीच्या बातम्या, हवामान आणि बाजारभाव यांनी उजाडतो. हिमवर्षावामुळे बंद राहणाऱ्या शाळा, निधनवार्ता, चर्चमधील भोजने, हरवलेली जनावरे, जुन्या वस्तूंची देवघेव यांच्या घोषणा लहान गावांतील सर्वच केंद्रांवर होतात. शहरी समीक्षकांनी त्यांची थट्टा केलेली असली, तरी श्रोता दिवसभर रेडिओ बंद करीत नाही तो मुख्यतः त्यांच्यासाठी. रविवारी सकाळची वेळ धर्मोपदेशक विकत घेतात. लहान केंद्रांच्या उत्पन्नाचा तो एक खात्रीचा भाग होय. उरलेले उत्पन्न गावातील दुकानदारांच्या जाहिरातींतून येते. त्यांत मालकाचा शब्द, शेजार आणि उधारी या तिन्ही गोष्टींना मोल असते.

शनिवारी प्रेक्षकांसमोर प्रत्यक्ष सादर होणारा ‘मेरी-गो-राउंड’ हा केंद्राचा सर्वांत प्रसिद्ध कार्यक्रम. तो केंद्राच्या प्रारंभकाळापासून चालत आला असून अमेरिकेतील सर्वाधिक काळ टिकलेल्या प्रत्यक्ष संगीतकार्यक्रमांत त्याची गणना होते. पुढे तो शहराच्या मुख्य रस्त्यावरील जुन्या चित्रपटगृहातून प्रक्षेपित होऊ लागला. नामवंतांबरोबरच गिरणीकामगार, शेतकरी व त्यांची मुले त्यात वाजवीत. बिल मन्‌रो, लेस्टर फ्लॅट व अर्ल स्क्रग्ज यांच्यासारखे ब्लूग्रास संगीताचे अध्वर्यूही या केंद्रावर येऊन गेले. त्या काळी व्यावसायिक संचांना लहान केंद्रांकडून क्वचितच मोबदला मिळे. गावोगावच्या शाळांत व सभागृहांत होणाऱ्या आपल्या कार्यक्रमांची घोषणा ते नभोवाणीवरून करीत, गीतपुस्तिका विकत आणि केंद्राच्या टापूतील श्रोते ऐकून तृप्त झाले, म्हणजे दुसऱ्या केंद्राचा टापू गाठत. स्थानिक वादक मात्र कोठेच जात नसत, आणि केंद्राचे वैशिष्ट्य टिकले ते त्यांच्या बळावर. बेंटन फ्लिपेन (१९२०–२०११) हा फिडलवादक त्यांपैकी एक.

स्वरूप : १९५० नंतर दूरचित्रवाणी व रॉक-अँड-रोल यांच्यामुळे प्रत्यक्ष वादनाचे कार्यक्रम झपाट्याने बंद पडले. टेक्सस राज्यातील लबक येथे १९५३ मध्ये सुरू झालेले केडीएव्ही हे केवळ कंट्री संगीताला वाहिलेले पहिले केंद्र समजले जाते. कंट्री म्यूझिक असोसिएशन या १९५८ मध्ये स्थापन झालेल्या व्यावसायिक संस्थेने केलेल्या गणनेनुसार अशी पूर्णवेळ केंद्रे १९६१ मध्ये ८१ होती, ती १९६९ मध्ये ६०६ झाली. आकडे डोळे दिपविणारे आहेत, पण त्यांचा अर्थ नीट लावला पाहिजे. संगीताचा प्रसार वाढला तसतशी गाण्यांची निवड थोड्या ध्वनिमुद्रिकांपुरती आकुंचित झाली. नॅशव्हिलमध्ये तंतुवाद्यवृंद व समूहस्वर यांची जोड देऊन गुळगुळीत केलेली गाणी देशभर एकाच क्रमाने वाजू लागली. तरीही १९६० मध्ये लोरेटा लिन व तिचा पती आपली पहिली ध्वनिमुद्रिका घेऊन मोटारीने लहान लहान केंद्रांची दारे ठोठावू शकले व ती देशाच्या यादीत पोहोचवू शकले. गावच्या केंद्रचालकाच्या हाती निवडीचा अधिकार अद्याप होता, हे त्याचे कारण. उपग्रहाद्वारे तयार कार्यक्रम पुरविण्याची पद्धत १९८० नंतर रूढ झाल्यावर तोही बव्हंशी संपला.

माउंट एअरीच्या केंद्राने जुन्या धाटणीचे संगीत, ब्लूग्रास आणि भक्तिगीते हा आपला क्रम सोडला नाही. कंट्री संगीताच्या मुख्य प्रवाहातून हे प्रकार वगळले गेल्यामुळे, ते न बदलताच वेगळे ठरले. बेन जॅरलचा मुलगा टॉमी जॅरल (१९०१–८५) याचे उदाहरण येथे उद्‌बोधक आहे. राज्याच्या महामार्ग खात्यात रस्ते सपाटीकरणाचे यंत्र चालवून १९६६ मध्ये तो निवृत्त झाला. त्यानंतर त्याचे वादन ऐकण्यासाठी व शिकण्यासाठी देशातूनच नव्हे, तर परदेशांतूनही तरुण मंडळी त्याच्या घरी येऊन राहू लागली. १९८२ मध्ये त्याला राष्ट्रीय वारसा अधिछात्रवृत्ती मिळाली. असा वादक एकाकी निपजत नाही. ज्या परिसरात हे संगीत रोज ऐकू येत होते, तेथे ते म्हाताऱ्यांपुरते उरले नव्हते. १९७२ पासून माउंट एअरी येथे दरवर्षी भरणाऱ्या वादकमेळाव्यातही ते दिसून येते. नभोवाणीने ध्वनिमुद्रिकांतील नामवंतांची शैली घरोघर नेऊन स्थानिक शैली पुसून टाकल्या, हा आक्षेप अनेक केंद्रांच्या बाबतीत खरा आहे. या केंद्राला तो सहसा लागू पडत नाही.

मालकी : अमेरिकेत परवाना केंद्राच्या मालकास ठराविक मुदतीसाठी मिळतो आणि लोकहित ही त्याची अट असते. १९३४ च्या कायद्याने स्थापन झालेला संघीय दळणवळण आयोग तो देतो. एका मालकाने देशभर किती केंद्रे बाळगावीत यावर दीर्घकाळ मर्यादा होती. १९९६ च्या दूरसंचारण अधिनियमाने ती काढून टाकली. काही वर्षांतच एका कंपनीकडे बाराशेवर केंद्रे एकवटली. अशा कंपन्या निवेदक एका शहरात बसवून त्याचा मुद्रित आवाज अनेक गावांत वापरतात. नॉर्थ डकोटातील मायनॉट येथे जानेवारी २००२ मध्ये रेल्वे अपघातात अमोनिया वायू पसरला व एक मनुष्य मृत्युमुखी पडला. गावातील सहाही व्यापारी केंद्रे एकाच कंपनीची होती, पण मध्यरात्रीनंतर त्यांवरून वेळेवर सूचना गेली नाही. दोष कर्मचाऱ्यांच्या अभावाचा की पोलिसांकडील इशारा-यंत्रणेचा, याबद्दल वाद झाला. दूरस्थ मालकीचा प्रश्न मात्र त्यामुळे देशाच्या चर्चेत आला. कौटुंबिक मालकीतही उणिवा आहेत : भांडवल तुटपुंजे असते, वारसांना आवड असेलच असे नाही, आणि मोठ्या जाहिरातदाराविरुद्ध बोलणे लहान गावात कठीण जाते. माउंट एअरीत वारसाचा प्रश्न सुटला. २००६ मध्ये राल्फ एपर्सनच्या निधनानंतर त्याचा मुलगा केली याने केंद्राची धुरा सांभाळली.

केंद्राचे पहिल्या काळातील कार्यक्रम ॲल्युमिनियमच्या तबकडीवर लाखेसारखे लेपन दिलेल्या मुद्रिकांवर टिपले जात. हे लेपन कालांतराने आकसून धातूपासून सुटते व तबकडी कायमची निकामी होते. शिवाय बहुसंख्य केंद्रांनी जागेच्या अडचणीमुळे अशा मुद्रिका टाकून दिल्या. एपर्सनने त्या जपून ठेवल्या. त्यांतील निवडक मुद्रणे राउंडर या कंपनीने १९९९ मध्ये प्रसिद्ध केली असून, अन्यत्र कधीही ध्वनिमुद्रण न झालेल्या अनेक वादकांचे वादन त्यांत ऐकावयास मिळते.