बाटली स्वस्त झाली, केसांचं काय?

२२ सप्टेंबर २०२५ पासून शाम्पू आणि केसांचं तेल १८ टक्क्यांच्या जीएसटीतून ५ टक्क्यांत आलं, ही बातमी घरोघरी पोचली. त्याच फेऱ्यात ब्यूटी पार्लरच्या सेवांवरचा करही ५ टक्क्यांवर आला, याची चर्चा कमी झाली. म्हणजे ज्या खुर्चीत बसून केस भाजून घ्यायचे ती खुर्ची आणि नंतर ते सावरायला आणायची ‘डॅमेज रिपेअर’ची बाटली, दोन्हींवर सरकारची सारखीच मेहेरनजर. हायलाइट्स, स्मूदनिंग, केराटिन असं सगळं लग्नसराईत उरकून घेतलेल्यांनी आता घरी काय करावं?

आधी एक कटू गोष्ट. त्वचेबाहेर आलेला केस निर्जीव असतो. तो बरा होत नाही, त्याला काही ‘पोचत’ नाही. केस महिन्याला साधारण एक सेंटीमीटर वाढतो, तेव्हा कमरेपर्यंत वेणी असेल तर तिच्या शेंड्याचं वय पाच-सहा वर्षं धरा. तेवढ्या काळातलं प्रत्येक ब्लीच, प्रत्येक इस्त्री त्या टोकानं सोसलेली असते. केसाच्या बाहेर खवल्यांचे पाच ते दहा थर असतात, कौलांसारखे एकावर एक चढलेले, आणि त्यांच्यावर मेदाचा अगदी पातळ लेप. ब्लीचनं तो लेप जातो, आतल्या प्रथिनातले गंधकाचे बंध तुटतात. मग असा केस पाणी झटकन पितो, फुगतो, वाळताना आकसतो, आणि दर धुण्याला कौलं आणखी उचकटतात.

इथे आपलं खोबरेल कामाला येतं. हे आजीच्या बटव्यातलं म्हणून सांगत नाही. त्यामागे २००३ सालचा एक शोधनिबंध आहे, आणि तो मुंबईतला आहे. आरती रेळे आणि आर. बी. मोहिले यांनी खोबरेल, सूर्यफुलाचं तेल आणि मिनरल ऑइल यांची तुलना केली. चांगल्या केसांच्या बटा घेतल्या, ब्लीच केलेल्या घेतल्या, उकळत्या पाण्यातून काढलेल्या आणि अतिनील किरणांत ठेवलेल्याही घेतल्या, आणि धुताना-विंचरताना केसातलं प्रथिन किती निघून जातं ते मोजलं. ही गळती लक्षात येण्याइतकी कमी केली ती एकट्या खोबरेलानं. त्यातल्या लॉरिक आम्लाचा रेणू लहान आणि सरळ, म्हणून तो केसात शिरतो आणि केसाचं फुगणं कमी होतं. मिनरल ऑइल वरच बसतं. आता खोच अशी की हे दोघे मॅरिकोचे, म्हणजे पॅराशूटवाल्या कंपनीचे संशोधक, आणि बटा प्रयोगशाळेतल्या होत्या, कोणाच्या डोक्यावरच्या नव्हेत. दोन्ही गोष्टी लक्षात ठेवूनही मला हा निबंध पटतो, कारण त्यातलं कारण रसायनशास्त्राला धरून आहे.

यातून कामाची गोष्ट निघते ती वेळेची. आपल्याकडे न्हाऊन झालं, केस कोरडे वाटले की तेल चोपडतात. त्याचाही उपयोग असतो, पण केस पाण्यानं फुगायच्या आधी तेल आत गेलेलं बरं. रात्री लावा, नाहीतर न्हाण्याआधी तासभर, आणि टाळूपेक्षा शेंड्यांना जास्त. बाटली मात्र उलटी करून वाचा. ‘चिकट नाही’ म्हणून मिरवणाऱ्या कितीतरी सुगंधी तेलांच्या मागे बारीक अक्षरांत लाइट लिक्विड पॅराफिन लिहिलेलं असतं. ते म्हणजे मिनरल ऑइलच. पुढच्या बाजूला नारळाचं चित्र असलं तरी. साधं खोबरेल डिसेंबरात गोठतं, बाटली उन्हात ठेवावी लागते, एवढाच काय तो त्रास.

(हेच तेल खाण्याचं की केसांचं, यावरून करखातं आणि कारखानदार वर्षानुवर्षं भांडत होते. छोट्या बाटलीत भरलं म्हणून शुद्ध खोबरेल केसतेल होत नाही, असं सुप्रीम कोर्टानं डिसेंबर २०२४ मध्ये सांगितलं. नऊ महिन्यांत दोन्हींचा दर एकच झाला. वकिलांची फी कोणी परत मागितल्याचं ऐकिवात नाही.)

अंडं, केळं, मेयोनीज यांच्याबद्दल फार बोलायला नको. अंड्यातलं प्रथिन केसात शिरण्याच्या मानानं फार मोठं असतं, आणि कढत पाण्यानं धुतलंत तर डोक्यावर ऑम्लेट होतं. त्यापेक्षा साधं कंडिशनर घ्या. खराब केसावर ऋण विद्युतभार जास्त असतो, कंडिशनरमधल्या रेणूंवर धन. त्यामुळे जिथे केस जास्त बिघडलाय तिथेच ते जास्त चिकटतं. महागडी बाटली लागत नाही.

न्हाल्यावर केस पंच्यानं फटाफट झटकायची आपली सवय सोडा. ओला केस ताणला जातो आणि पटकन तुटतो. पंचा दाबून पाणी टिपा, मोठ्या दातांचा कंगवा घ्या आणि गुंता शेंड्याकडून सोडवत वर जा. ड्रायर वाईट, असंही सरसकट नाही. २०११ मध्ये कोरियातल्या संशोधकांनी केस वेगवेगळ्या पद्धतींनी वाळवून पाहिले. पंधरा सेंटीमीटर लांब धरून सतत हलता ठेवलेला ड्रायर नुसत्या हवेवर वाळवण्यापेक्षा कमी हानी करतो, असं त्यांना दिसलं. जास्त वेळ ओलं राहणंही केसाला बाधतं. ओलसर केसावर इस्त्री किंवा कर्लिंग टाँग मात्र कधीच फिरवू नका. आतल्या पाण्याची वाफ होऊन केसात बुडबुडे धरतात, आणि तिथेच तो मोडतो.

ऑनलाइन मागवून घरच्या घरी केस सरळ करणाऱ्यांनी क्रीमवरची घटकांची यादी वाचावी. त्यात ग्लायऑक्झिलिक अ‍ॅसिड असेल तर डबा परत पाठवा. अशा क्रीमनंतर एका २६ वर्षांच्या तरुणीच्या मूत्रपिंडाला तीनदा इजा झाल्याची नोंद २०२४ मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’नं छापली होती.

शेंड्यांना फुटलेले फाटे कुठल्याच तेलानं सांधत नाहीत. सिलिकोनचं सीरम ते चार दिवस चिकटवून ठेवतं, पुढच्या न्हाण्याला पुन्हा उघडे. कात्री लावायची ती फाट्याच्या वर दोन बोटं, तेही केस कोरडे असताना, स्वयंपाकघरातल्या कात्रीनं नव्हे. पार्लरवाली ताई ‘सोबत स्पा पण करून टाकू का’ विचारेल, तिला फक्त कापायला सांगा.