धामण म्हणजे नागाची मादी? जाणून घ्या 'प्रजाती' म्हणजे काय

आटगाव : भातकापणीच्या दिवसांत शहापूर, मुरबाडच्या शेतांत धामण दिसते. 'ही नागाची मादी, हिला सोडू नका,' असं म्हणून तिला मारलं जातं. पण यात तथ्य आहे का?

अजिबात नाही. ज्या प्राण्यांची आपसात जोडी लागून पिल्लं होतात आणि ती पिल्लंही पुढे वंश वाढवतात, त्यांची प्रजाती एक. गाढव आणि घोडीपासून खेचर होतं, पण खेचराला सहसा पिल्लं होत नाहीत. म्हणून घोडा आणि गाढव या दोन वेगळ्या प्रजाती. नाग आणि धामण तर त्याहून लांबचे, त्यांची जोडीच लागत नाही. नागांत नर-मादी असतात, तसेच धामणींतही. दोन धामणी अंग उचलून एकमेकींना पीळ घालताना दिसल्या, तर ती बहुतेक वेळा दोन नरांची झुंज असते.

नाग विषारी, धामण बिनविषारी. ती उंदीर खाते, म्हणजे आपलं भातच राखते. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानेही तिला मारायला बंदी आहे.

मात्र साप ओळखता येत नसेल तर लांबच राहा. कोणताही साप चावला तर भगताकडे वेळ न घालवता थेट सरकारी रुग्णालय गाठा.