भेंडी, कोळंबी आणि पाऊण तासाचा रू

गेल्या वर्षी धाकट्या नणंदेकडे अमेरिकेत, न्यू ऑर्लिन्सला जाणं झालं. पहिल्याच संध्याकाळी प्रवाशांच्या गर्दीतल्या एका हॉटेलात 'अस्सल केजन' अशी पाटी पाहून आम्ही शिरलो. आलं काय, तर तिखटजाळ, पाणचट रस्सा! मला वाटलं, असेल बाई यांचं असंच. नणंद मात्र हिरमुसली. "वहिनी, एवढ्यावरून मत करून घेऊ नका. सोमवारी नेते तुम्हाला."

सोमवारच का, ते नंतर कळलं. पूर्वी तो तिथला धुण्याचा वार. बायका सकाळीच लाल घेवडा मंद आचेवर चढवायच्या नि धुण्याला लागायच्या. म्हणून आजही सोमवारी घेवडा-भात. आपला राजमाच म्हणा ना. फक्त त्यात बहुधा डुकराचं मांस असतं, तेव्हा न खाणाऱ्यांनी आधी विचारावं.

नणंदेच्या गल्लीच्या कोपऱ्यावरची ती सात टेबलांची खानावळ. मालकीणबाई सत्तरीच्या. मी कोळंबीचं गम्बो मागवलं. चॉकलेटी रंग, भेंडीने आलेला दाटपणा (गम्बो हे नावच मुळी भेंडीच्या आफ्रिकन नावावरून पडलंय) आणि तिखट अगदी बेताचं. कसं केलंत विचारलं, तर बाईंनी मला थेट आत नेलं.

तेल आणि मैदा समसमान. मंद आचेवर पाऊण तास हलवायचं, हात थांबवायचा नाही. आधी बदामी, मग विटकरी, मग चॉकलेटी. हा त्यांचा 'रू'. करपला, की सगळा टाकायचा. लाडवाचं बेसन भाजणारीला हे सांगायला नको! मग कांदा, सेलरी, ढोबळी मिरची.

"टोमॅटो नाही?"

"तो शहरातल्या क्रेओल बायका घालतात. माझी आई केजन."

केजन म्हणजे इंग्रजांनी १७५५ पासून कॅनडाच्या किनाऱ्यावरून हुसकून लावलेल्या फ्रेंच लोकांचे वंशज.

मी वही काढली, तशा बाई गप्प झाल्या. २००५ च्या कतरिना वादळात घरात पाणी शिरलं आणि आईच्या पाककृतींच्या वहीचा लगदा झाला. असं तिथे कितीतरी घरांत झालं. 'टाइम्स-पिकायून' या वर्तमानपत्राने वाचकांच्या हरवलेल्या पाककृती गोळा केल्या, २००८ मध्ये त्यांचं पुस्तकही निघालं. बाईंच्या आईचं गम्बो मात्र त्यात नाही. "हाताला आठवलं तेवढंच उरलं," त्या म्हणाल्या. पुन्हा लिहायचं राहूनच गेलेलं.

त्या मापं सांगत गेल्या, मी मराठीत लिहीत गेले. निघताना त्यांनी एक कोरा कागद पुढे केला. इंग्रजीत एक प्रत त्यांनाही हवी होती.